मासोळीची गोष्ट खोटी होती, शेषा

"तीन किलो. काका, दोन दिवसांत तीन किलो. पाणी पिता का टँकर?"

वाशीमच्या डायलिसिस सेंटरमधली सिस्टर ओरडत होती, तू चपला काढून वजनकाट्यावर उभा होतास, आणि मी मागे उभा राहून तुझी वकिली करत होतो. म्हणालो, "म्याडम, ह्या मानसानं दोन दिवसांत थेंब नाई घेतला. आमच्या अनसिंगची हवाच जड हाये. आमच्याकडं नुसता श्वास घेतला तरी मानूस पावशेर वाढते. आमच्या कोंबड्या उडत नाईत त्या काहून?" तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तुला म्हणाली, "काका, खरं सांगा." आणि तू, शेषा, सांगून टाकलंस. टमाट्याला पाणी सोडता सोडता पाइपाला तोंड लावलं होतंस, आणि मग, तुझ्याच शब्दांत, "तोंड निंगेच ना."

सिस्टर हसली. राग तिथंच संपला. मी एवढी मेहनत घेऊन एक खोटं उभं करावं, त्याला कोंबड्या जोडाव्या, आणि तू एका खऱ्या वाक्यानं ते आडवं करावं, हे आपलं सातवीच्या वर्गापासून चाललं होतं. मास्तरांना मी सांगितलं होतं की आमची वही बैलानं खाल्ली, बैलाला आता पाढे येतात. तू उभा राहून म्हणालास, वही घरी आहे, कोरी आहे.

परवा तुझी तेरवी झाली. पत्रिकेत तुझं सगळं छापलं आहे, जन्म, गाव, मागे कोण कोण. 'मनमिळाऊ स्वभावाचे' असंही छापलं आहे. ते कोणी सांगितलं मला माहीत नाही. तू चाळीस वर्षं माझ्या बांधाला लागून भाजीपाला केलास आणि चाळीस वर्षांत एकदाही माझी वांगी चांगली म्हणाला नाहीस. गिऱ्हाइकासमोर तर म्हणायचास, "मधुकरची वांगी चांगली हाये, फक्त खाऊ नका."

मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. कोणत्या, ते तुला माहीत आहे. दोन वर्षं मी तो विषय काढला आणि दोन वर्षं तू मला बगल दिलीस. आता तू कुठे जाऊ शकत नाहीस, तेव्हा ऐक.

आधी तुझे पाय सुजले. तू म्हणालास, चपला आटल्या. मग जेवण नकोसं झालं, मग दम लागायला लागला, आणि एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणालास, "मध्या, वाशीमले सोबत चाल. मले डॉक्टरचं बोलनं समजत नाई." खरं तर तुला न समजेल असं बोलणारा डॉक्टर अजून जन्मायचा आहे. पण मी आलो. माझी सुशीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझी दाढी अशी वाढली होती की तिच्यात दोन चिमण्यांचा संसार बसला असता. घरातून वावरात आणि वावरातून घरात, एवढाच माझा देश होता. आंघोळ आठवली तर. पोरगा पुण्याहून फोन करायचा, मी हूं म्हणायचो, तो ठीक म्हणायचा. ज्या माणसाच्या तोंडाला अख्खं अनसिंग कंटाळलं होतं, तो माणूस वर्षभर बोलला नव्हता, आणि अनसिंगला करमत नव्हतं. निदान माझी अशी समजूत होती.

अकोल्याहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरीण बाई, माझ्या पोरीच्या वयाच्या. रिपोर्ट बघून त्यांनी सरळ सांगितलं, दोन्ही किडन्या काम सोडत आहेत, परत येणार नाहीत. मग त्यांनी तुला, वच्छला वहिनीला आणि मला समोर बसवलं आणि एक चित्रांची वही उघडली. म्हणाल्या, "आज काहीच ठरवायचं नाही. आज फक्त समजून घ्यायचं. घरी जा, बोला, परत या, परत विचारा. शरीर तुमचं, घर तुमचं, म्हणून निवडही तुमची."

पहिलं चित्र मशीनचं. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, हातातून रक्त बाहेर, धुऊन परत आत. दुसरं चित्र पोटाचं. पोटात एक मऊ नळी बसवायची. पिशवीतलं औषधी पाणी त्या नळीनं आत सोडायचं, काही तास राहू द्यायचं, ते आतली घाण ओढून घेतं, मग बाहेर काढायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, पण आपल्याच घरी, आपल्याच हातानं. हात स्वच्छ, खोली स्वच्छ, एवढी अट. तू पुढे सरकलास. म्हणालास, "म्हंजे वाफा हाये. भरा, थांबू द्या, अन् तोंड फोडून काढून टाका." बाई हसल्या. म्हणाल्या, काका, हे इतक्या लवकर कुणालाच समजत नाही. तू असा फुगलास की मला वाटलं ते पाणी आधीच भरलं.

तिसरं चित्र किडनी बदलायचं. वहिनी चित्र पुरतं बघायच्या आत म्हणाली, "माही घ्या." पुढे तपासात तिची साखर निघाली आणि ते राहिलं. तुझं नाव यादीत गेलं आणि यादीतच राहिलं.

त्या दिवशी बाई वही मिटत होत्या, तर तू विचारलंस, "अन् यातलं काहीच नाई केलं तं?"

वहिनीनं पदराचं टोक धरलं. बाई गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "तोही एक मार्ग आहे, काका. औषधं देऊ, त्रास कमी ठेवू. पण दिवस कमी राहतील. विचारलंत ते बरं केलंत." तू मान हलवलीस, जशी बाजारात भाव ऐकून हलवतोस, घ्यायचं नाही पण माहीत असावं म्हणून. त्या सगळ्या वेळात मी एक शब्द बोललो नाही. तुझा तो चौथ्या मार्गाचा प्रश्न मात्र मी गाडीवर सोबत घेऊन आलो.

पुढच्या आठ दिवसांत वहिनीनं तुमची कांद्याची खोली रिकामी केली. कांदे ओसरीत आले. भिंतींना चुना मारला, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं आणि नळ बसवला, दाराला नवा पडदा शिवला. ती खोली रोज पुसायची, आणि तू दारात उभा राहून बघायचास. मला म्हणालास, "पिशवीच घ्याव म्हनतो. घरच्या घरी होते. वावरही पाहता येते." ठरल्यात जमा होतं.

आणि मग तू मला हाताला धरून स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर नेलंस.

वर्षानंतर मी तिथं बसलो होतो. आठ-दहा जण होते, सगळे चहात बघत होते, कारण माझ्याकडे कसं बघावं कुणालाच कळत नव्हतं. कुणीतरी तुला विचारलं, पोटातलं ते काय करतात म्हणे. तू सांगायला लागलास. आणि माझ्या डोक्यात तो चौथा प्रश्न होता, म्हणून मी बोललो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

म्हणालो, कामरगावच्या एका माणसानं असंच पोटात पाणी भरलं. पण औषधाची पिशवी संपली होती, तर त्यानं विहिरीचं भरलं. विहिरीच्या पाण्यात मासोळीचं अंडं होतं. पंधरा दिवसांत मासोळी हातभर झाली. आता तो माणूस वाशीमच्या तळ्याजवळून गेला की मासोळी आतून उड्या मारते, माहेर दिसलं म्हणून. बायको मसाला वाटायला बसली की ती घाबरून बरगडीत लपते. डॉक्टरनं फोटो काढला तर मासोळीनं फोटोत पाठ फिरवली. शेवटी मोठ्या डॉक्टरनं त्याला टेबलावर निजवून, नळीतून गळ सोडून, कणकेची गोळी लावून चार तास वाट पाहिली. चार तासांनी मासोळी आली, पण गोळी खाऊन परत गेली.

टपरीवाल्याच्या हातातली गाळणी चहात पडली. तू सगळ्यांत जास्त हसलास. पोट धरून हसलास, डोळे पुसलेस, आणि माझ्याकडे असा बघत राहिलास की मला वाटलं माझ्या दाढीत खरंच चिमणी बसली आहे.

चार दिवसांनी बाईंनी विचारलं, काय ठरलं. तू म्हणालास, "मशीन लिवा."

वहिनीनं तुझ्याकडे पाहिलं. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की का, तुम्हाला तर ते दुसरं आवडलं होतं. तू म्हणालास, "मशीनच." परत येताना गाडीवर मी विचारलं, काहून बे? मागून तुझा आवाज आला, "मले मासोळी नाई पाळाची."

शेषा, तो दिवस आणि आजचा दिवस. माझ्या एका थापेनं तुला घरच्या चुना मारलेल्या खोलीतून उचलून त्या खुर्चीवर नेऊन बसवलं, हे माझ्या मनातून निघालं नाही.

मग सोम, बुध, शुक्र. सकाळी तुझ्या दारासमोर मी दोनदा हॉर्न वाजवायचा, तू डबा घेऊन यायचास, डावा हात असा सांभाळत जसा त्यात अंडी भरली आहेत. त्या हातात त्यांनी शीर जोडून दिली होती आणि कातडीखाली ती सारखी घरघरायची. सिस्टरनं सांगितलं होतं, रोज हात लावून बघायचं, घरघर चालू पाहिजे. मी टपरीवर सांगितलं की शेषाच्या हातात बोअरची मोटर बसवली आहे, लाइन गेली तर गावाला पाणी हा देणार. वहिनी हात लावून बघत नसे, कान लावायची. रोज सकाळी, चुलीजवळून उठून येऊन, तुझ्या मनगटाला कान. तू म्हणायचास, "आयकू येते का सासऱ्याचं भांडन?"

आणि रस्ता. रस्त्यावर असे खड्डे की एकात मागल्या वर्षीचा स्कूटरवाला अजून चढ चढतो आहे. जाताना मी गोष्टी सांगायचो, येताना तू गळून गेलेला असायचास, कपाळ माझ्या पाठीला टेकवून. पायात गोळे यायचे. सुया जाड, तू त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघायचास. आपल्या वाफ्यातले टमाटे तुला बंद, केळी बंद, नारळपाणी बंद, पालेभाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं. जन्मभर भाजी पिकवलेल्या माणसानं भाजीचा चोथा खायचा. तू तो चावून गिळायचास. मला मात्र प्रत्येक गोळा माझ्या मासोळीनं आणलेला वाटायचा.

म्हणून मी विषय काढायचो. "शेषा, बाई म्हनतात आताही बदलता येते. पिशवी घे."

"गोष्ट सांग."

"ती मासोळीची गोष्ट खोटी होती बे."

"आं? तुह्या गोष्टी खोट्या असतात?" असं तू इतक्या भोळ्या आवाजात म्हणायचास की पुढचे चार किलोमीटर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग तूच ढोसायचास, "झोपला काय? गाडी कोन चालवून राह्यलं?"

एकदा आपण खरंच भांडलो. तुझं अंग थरथरत होतं, ताप होता, आणि मी सेंटरच्या दारात उभा राहून बोललो की तुझा हट्ट तुला घेऊन जाईल. तू म्हणालास, "माहा हट्ट हाये, तुह्या बापाचा नाई. तुले यायचं जिवावर आलं असन तं सांग, मी बसनं येतो." मी म्हणालो, जिवावर आलं. तू बसनं गेलास. बुधवारी मी आंघोळ करून, शर्ट घालून, तुझ्या दारासमोर दोनदा हॉर्न वाजवला. तू डबा घेऊन आलास. त्या भांडणाचा विषय आपण परत काढला नाही, आणि मी खरं बोललो नव्हतो हेही मी सांगितलं नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. यावर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि माझी ती सगळी थापांची कमाई मला आज नडते आहे. मी गमतीत म्हणायचो ना, माझ्या दोन्ही किडन्या घे, मी हवेवर चालतो. तू म्हणायचास, "यानं नेलेलं फावडं परत नाई देल्लं, किडनी देते." मागल्या पावसाळ्यात एक दिवस मी बियाणं आणायला अकोल्याला गेलो होतो, आठवतं? बियाणं आणायला गेलो नव्हतो. दवाखान्यात गेलो होतो, विचारायला. त्यांनी दंडावर पट्टा बांधला, रक्त काढलं, आणि म्हणाले, काका, तुमचंच प्रेशर एवढं, साखर एवढी, आणि नात्यातले नसलात तर परवानगीचंही मोठं काम. तुम्ही तुमची सांभाळा. परत आलो तर तू विचारलंस, बियाणं कुठाय. मी म्हणालो, बसमध्ये कावळ्यानं खाल्लं. तू म्हणालास, कावळ्याला तिकीट लागलं का. जन्मात मी एक खरी गोष्ट केली, आणि तिच्यावरही कावळा बसवला.

रविवारी सकाळी वहिनीनं तुझ्या हाताला कान लावला. तिनं हाक मारली तेव्हा मी वांगी तोडत होतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, गाडी काढली आणि तुझ्या दारासमोर येऊन दोनदा हॉर्न वाजवला. ओसरीत बसलेल्या बाया बघायला लागल्या. माझ्याकडे त्या वेळी एकही थाप नव्हती. मी गाडी तशीच पुढे काढली आणि वाशीमला गेलो. मागे वजन नसलं की गाडी खड्ड्यात उडते, हे मला आधी माहीत नव्हतं.

सिस्टर काट्याजवळ उभी होती. ओरडली नाही. खुर्ची ओढून दिली. तुझ्या खुर्चीवर एक मास्तर टेकले होते, नवीनच, मशीनकडे सापाकडे बघावं तसं बघत होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोणासोबत आले?" मी म्हणालो, सोबत आलो नाही. बाई आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, त्यानं पिशवी घेतली असती तर. त्या बसल्या माझ्यासमोर. म्हणाल्या, "सांगता येत नाही, काका. दोन्हींवर माणसं वर्षानुवर्षं जगतात, आणि दोन्हींवर जातातही. ज्याला जे जमतं ते चांगलं." मी म्हणालो, पण त्याला दुसरं जमलं असतं, खोली तयार होती. त्या उठून मास्तरांच्या मशीनकडे गेल्या.

तेव्हापासून बुधवार आले, शुक्रवार आले. मी आंघोळ करतो आणि खाटेवर बसून राहतो. टपरीवर गेलो नाही. कुणीतरी निरोप पाठवला, भाऊ या, करमत नाही. त्यांना गोष्ट हवी आहे. माझ्याजवळ गोष्टी आहेत, शेषा, पन्नास गावं पुरतील एवढ्या आहेत. पण समोर बसून जो एका वाक्यात ती आडवी करेल त्याच्याशिवाय थाप मारणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं, आणि भिंत नाही.

काल तेरवीचं आवरून झालं. पाहुणे गेले. मी तुमच्याकडे गेलो तर वहिनी ओसरीतले कांदे टोपल्यात भरून त्या चुन्याच्या खोलीत नेत होती. हात धुवायचं भांडं तसंच होतं कोपऱ्यात, कोरडं. पडदा काढून घडी करून ठेवला होता. मी टोपलं उचलायला वाकलो, आणि वाकल्या वाकल्या सगळं सांगून टाकलं. टपरी, कामरगाव, गळ, कणकेची गोळी. म्हणालो, "वहिनी, माह्या तोंडानं केलं हे. तुमची खोली तयार होती. तो पिशवीच घेणार होता. मासोळीच्या गोष्टीनं त्यानं मशीन घेतली. दोन वर्षं त्याले खड्ड्यातून नेलं, सुया टोचल्या. मले माफ करा."

वहिनी कांदे निवडत होती. सडका बाजूला, चांगला टोपल्यात. हात थांबला नाही.

"तुमच्या मासोळीवर कोन इश्वास ठेवते, भाऊजी," ती म्हणाली. "त्या दिवशी ते घरी आले अन् म्हनले, मध्या आज बोलला. आता मशीनच घेतो म्हने, तं त्याले हप्त्यातून तीनदा आंघोळ करून बाहेर निंगा लागन. सरका, दारात उभे हा तुमी."